पहिल्यांदा खिलार खोंड सांभाळताना: आधी गंजी, मग दावण

सांगोला, मंगळवेढा, मोहोळ, माढा या पट्ट्यात दोन-तीन एकर रान असलेली बरीच तरुण मंडळी एकच अडचण सांगतात. दुधाचं जनावर म्हटलं की सकाळ-संध्याकाळ धारेला माणूस अडकून पडतो. तेवढा वेळ नसतो, पण गोठा रिकामा ठेवायला मन होत नाही आणि डाळिंबाला शेणखत तर लागतंच. अशा घरांना मी खिलार खोंडांची जोडी सुचवतो. दूध तुटलेली, सहा-आठ महिन्यांची दोन खोंडं घ्यायची, दोन-अडीच वर्षं नीट वाढवायची, हलक्या कामाला धरायची आणि जोड म्हणून विकायची. रोजचं काम दीड-दोन तासांचं असतं आणि घरातलं कोणीही ते करू शकतं.

कशासाठी पाळताय, हे आधी ठरवा

बाहेरच्या देशांत मांसासाठी गोऱ्हे वाढवण्याचे व्हिडिओ बघून काही जण तसा हिशोब मांडतात: इतकं वजन, किलोला इतका भाव. आपल्याकडे तो हिशोब लागू होत नाही. महाराष्ट्र पशुसंरक्षण कायदा १९७६ चा. त्यातल्या दुरुस्तीला मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि गाईबरोबर वळू आणि बैलाच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आली. ती मोडली तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. म्हणून खोंडाचं मोल त्याच्या चालीत, जोडीत आणि स्वभावात आहे, वजनात नाही. ज्यांना मांसासाठीच जनावर पाळायचं आहे त्यांनी उस्मानाबादी शेळीचा विचार करावा. तो धंदा वेगळा, त्याचं गणितही वेगळं.

खोंडाला गिऱ्हाईक तीन प्रकारचं असतं. पहिलं, शेतीकामाला बैल हवा असलेला शेतकरी. हा मृगाच्या आधी बाजारात येतो. दुसरा ऊस वाहणारा गाडीवान. कारखान्यांचं गाळप सुरू होण्याआधी, दसरा-दिवाळीच्या सुमारास तो जोड शोधतो. तिसरा शर्यतीचा शौकीन. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी बैलगाडा शर्यतींचा कायदा कायम ठेवल्यापासून पळणाऱ्या आदत (अजून दुधाचेच दात असलेल्या) खोंडाला फार मोठे भाव ऐकू येतात. ते भाव खरे असतात, पण मोजक्याच खोंडांना मिळतात. नवख्याने आपला हिशोब पहिल्या दोन गिऱ्हाइकांवर बसवावा. खोंड पळणारं निघालं तर आनंदच आहे.

जनावराआधी वैरण

मी सगळ्यात जास्त जोर या टप्प्यावर देतो, कारण जोडी मोडायची वेळ बहुतेक वेळा वैरणीपायी येते. दिवाळीत हिरवं दिसतं म्हणून खोंडं आणली जातात. एप्रिलात विहीर तळ गाठते, मे महिन्यात कडबा दुप्पट भावाने घ्यावा लागतो आणि जून उजाडायच्या आत पडेल त्या भावाला जोडी बाजारात जाते. आपल्याकडे वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बेभरवशाचा. त्यामुळे वर्षाची वैरण डोळ्यांसमोर दिसत नाही तोवर बाजाराची वाट धरू नका.

हिशोब सोपा आहे. वाढत्या खोंडाला सरासरी दिवसाला तीन किलो कडबा धरा. दोन खोंडांना वर्षाला सव्वादोन टन होतो. नासधूस धरून अडीच टन गंजीत हवा. रब्बीत मध्यम जमिनीत मालदांडीचा कडबा एकरी दीड-दोन टन निघतो, म्हणजे घरच्या सव्वा-दीड एकर ज्वारीत भागतं. विकत घ्यायचा असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, काढणी चालू असताना, शेतातूनच उचला. आपल्या मालदांडी ज्वारीचं भाग्य असं, की दाणा माणसाला आणि ताट जनावराला, दोन्ही उत्तम. ३५-१ हा प्रसिद्ध वाण मोहोळच्याच संशोधन केंद्रातून निवडला गेला. त्याचा कडबा गोड असतो आणि जनावर आवडीने खातं. संकरित खरीप ज्वारीचा जाड, काळवंडलेला कडबा स्वस्त मिळतो, पण त्यातला बराचसा गव्हाणीत चघळ म्हणून मागे राहतो.

गंजी दगडावर किंवा लाकडांवर रचा, खालून ओल लागू देऊ नका आणि ती घरापासून, विजेच्या तारांपासून लांब ठेवा. कुट्टी करूनच घाला. अख्खी पेंढी टाकली की पानं खाल्ली जातात आणि धांडं तुडवली जातात.

हिरव्यासाठी पाच गुंठे बागायत पुरते. चार गुंठ्यांत फुले जयवंतसारखं संकरित नेपियर, एका गुंठ्यात लसूण घास (आरएल ८८ चांगला येतो). पाणी असेल तर पावसाळ्यात आफ्रिकन टॉल मका करून कणसातला दाणा दुधाळ-चिकट असताना मुरघास (हवाबंद आंबवलेला हिरवा चारा) भरा. बॅगेत घट्ट दाबून हवा काढली तर दीड महिन्यात तयार होतो आणि उन्हाळा निभावतो.

उसाच्या वाढ्याविषयी, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याविषयी, एक सूचना. गाळपाच्या दिवसांत वाढं मुबलक आणि स्वस्त मिळतं, त्यामुळे चार महिने वाढ्यावरच जनावरं काढली जातात. वाढ्यात ऑक्झलेट असतं आणि ते शरीरातला कॅल्शियम बांधून टाकतं. वाढत्या हाडांच्या खोंडाला हे फार बाधतं. निम्म्यापेक्षा जास्त वैरण वाढ्याची नको, आणि जितके दिवस वाढं तितके दिवस खनिज मिश्रण चुकवू नका.

गोठा

यावर फार पैसे घालू नका. एका खोंडाला छताखाली चाळीस चौरस फूट आणि पुढे त्याच्या दुप्पट मोकळी जागा, भोवती कुंपण, एवढं बस्स. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा म्हणजे दुपारचं ऊन आत येत नाही. खाली मुरूम दाबून घ्या आणि उतार द्या. गुळगुळीत कोब्यावर कोवळे खूर घसरतात. पत्रा असेल तर उन्हाळ्यात वर पाचट अंथरा. अंगणात लिंब असेल तर मे महिन्यातल्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत तोच खरा गोठा. पाण्याची टाकी सावलीत हवी आणि आठवड्याला घासून आतून चुना मारलेली.

खोंड निवडणं

सांगोल्याचा रविवारचा बाजार, जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतला बाजार, कार्तिकीला पंढरपूरजवळ वाखरीला भरणारा बाजार, शेजारच्या आटपाडी तालुक्यात खरसुंडी: खिलार बघायचं तर या ठिकाणी. पहिल्या दोन खेपा खिशात पैसे न घेता जा. नुसतं बघा, भाव ऐका, हेडी (जनावरांचे दलाल) काय बोलतात ते ऐका. काही सौदे अजूनही उपरण्याखाली बोटं धरून होतात. आपल्याला ती भाषा येत नसेल तर गावातला एखादा जाणता म्हातारा सोबत न्या. त्यांना मान द्या, चहा पाजा आणि त्यांचं ऐका.

शक्य असेल तर पहिली जोडी बाजारातून न घेता गोठ्यावरून घ्या. आई दिसते, बाप कोणता वळू ते कळतं आणि खोंड आजवर काय खात होतं तेही समजतं.

आता प्रत्यक्ष बघणं. आधी लांबून बघा. खोंड उभं कसं राहतं? चारी पायांवर सारखा भार हवा. मग कठीण जमिनीवर सरळ चालवायला सांगा आणि मागून बघा. मागचे गुडघे एकमेकांना घासत असतील तर सोडून द्या. खूर काळा, टणक आणि मिटलेला हवा, फाकलेला नको. खिलाराचा चेहरा लांब आणि निमुळता, कातडी अंगाला घट्ट, पोळी (गळ्याखालचं लोंबतं कातडं) आखूड. बेंबीखाली लोंबतं कातडं असेल तर हर्निया आहे का ते हाताने चाचपा. डोळ्यांत पाणी, नाक कोरडं, शेपटीखाली पातळ शेणाचे डाग, यातलं काही दिसलं तर भाव कितीही उतरला तरी नको. सोबत नेलेली कडब्याची मूठ पुढे धरा. निरोगी खोंड हुंगतं, ओढतं, चावायला लागतं. पोट टम्म आणि फासळ्या दिसत असतील तर मीठ चारून पाणी पाजलेलं असू शकतं किंवा पोटात जंत असतात.

दात बघायला शिका. एका हाताने खालचा ओठ उतरवला की पुढचे आठ दात दिसतात. वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच, तिथे नुसती कडक हिरडी असते, त्यामुळे दात पाडलेत असं समजून घाबरू नका. सगळे दुधाचे, बारीक, पांढरे दात असतील तर आदत. दोन-अडीच वर्षांच्या दरम्यान मधले दोन पडून रुंद, पक्के दात येतात, तो दुसा. त्यापुढे साधारण वर्षा-वर्षाला दोन-दोन वाढत जातात: चौसा, सहादाती आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास जुळलेला. "सहा महिन्यांचं आहे" असं सांगून दीड वर्षाचं खुरटलेलं आदत गळ्यात मारलं जातं. दोघांचेही दात दुधाचेच, म्हणून इथे उंची आणि शिंगंही बघावी लागतात. सहा महिन्यांच्या खोंडाला शिंगाचे नुसते कोंब असतात.

कोसा, काजळी, हरण्या असे रंगांचे शब्द कानावर पडतील. अंगावरचे भोवरेही मोजले जातील. जनावराच्या ताकदीशी त्यांचा संबंध नाही, पण उद्या तुमचं गिऱ्हाईकही तेच बघणार आहे, त्यामुळे अशुभ मानल्या जाणाऱ्या जागी भोवरा असेल तर तो भावात धरा. आणि दोन्ही खोंडं एकमेकांना साजेशी घ्या: उंची, रंग, शिंगाचा कल. एकट्या देखण्या खोंडापेक्षा जुळलेल्या मध्यम जोडीला शेतकरी लवकर हात घालतो.

कानात बारा अंकी पिवळा बिल्ला असल्याशिवाय व्यवहार करू नका. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. पावतीवर तोच नंबर आहे का ते वाचून घ्या.

पहिले तीन आठवडे

नवीन खोंडं घरच्या जनावरांपासून एकवीस दिवस लांब बांधा. भांडीही वेगळी. २०२२ मध्ये लम्पीमुळे राज्यभरातले जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते. बाजारातून रोग कसा घरापर्यंत येतो हे आपण सगळ्यांनी तेव्हा पाहिलं.

पहिल्या दिवशी पाणी आणि कडबा, बाकी काही नको. जुन्या मालकाकडची वैरण चार-पाच दिवस पुरेल एवढी मागून आणा आणि हळूहळू आपल्या वैरणीवर वळवा. पेंड आठवडाभराने, पावशेरापासून सुरू करा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डॉक्टरांना बोलावून जंताचं औषध द्या आणि लसीकरणाची नोंद तपासून घ्या. याच दिवसांत खोंडाला माणसाची सवय लावा. रोज दहा मिनिटं खरारा, मानेवरून, वशिंडावरून हात, पाय उचलून बघणं. आज हात लावू देणारं खोंड दोन वर्षांनी साडेतीनशे किलोचं झाल्यावरही हात लावू देतं. बुजरं राहिलं तर पुढे मारकं होतं आणि मारक्या बैलाला कोणी घरात घेत नाही.

रोजचा खुराक

शंभर किलो वजनामागे, हिरवं, कुट्टी आणि खुराक मिळून, पाण्याचा अंश वगळता अडीच ते तीन किलो खाद्य, हे मूळ माप. वजनकाटा लागत नाही, शिंप्याचा टेप पुरतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात मोजा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०: आलेला आकडा किलोत वजन. घेर ५० आणि लांबी ४५ असेल तर साधारण १७० किलो. महिन्यातून एकदा मोजून वहीत लिहा. महिन्याला नऊ-दहा किलो वाढ असेल तर ठीक चाललंय. दोन महिने आकडा हलला नाही तर जंत किंवा वैरण, दोन्हींपैकी एक चुकतंय.

वर्षाच्या आतल्या खोंडाला हिरवं पाच-सहा किलो, कुट्टी दीड-दोन किलो, खुराक एक किलो. वर्ष ते दोन वर्षं: हिरवं आठ-दहा, कुट्टी अडीच-तीन, खुराक एक-सव्वा. पुढे कडबा चार-पाच किलोपर्यंत वाढवा. खुराक घरीच मिसळा. दहा किलोसाठी मका भरडा साडेतीन किलो, शेंगदाणा आणि सरकी पेंड मिळून तीन, तूर-हरभऱ्याची चुणी दोन, गव्हाचा भुसा एक किलो दोनशे ग्रॅम, खनिज मिश्रण दोनशे ग्रॅम, मीठ शंभर ग्रॅम. बुरशीचा वास येणारी शेंगदाणा पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

उन्हाळ्यात वैरण पहाटे आणि रात्री. कडबा पचताना अंगात उष्णता तयार होते, म्हणून मोठा हिस्सा रात्रीचा ठेवा. पाणी मात्र दिवसभर समोर हवं. मे महिन्यात मोठं खोंड चाळीस लिटरच्या पुढे पाणी पितं.

एक गोष्ट जिवावरची आहे. पावसाने ताण दिलेली, गुडघाभर, कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतर फुटलेले फुटवे खाऊ देऊ नका. त्यात सायनाइड तयार होतं. दावं तोडून खोंड अशा रानात शिरलं तर काही मिनिटांत धाप लागते, तोल जातो, जनावर आडवं होतं. तेव्हा घरगुती उपायात वेळ घालवू नका, डॉक्टरांकडचं इंजेक्शनच वाचवतं. ज्वारी फुलोऱ्यात आल्यावरच हिरवी घाला.

दुखणी

लाळ्या-खुरकतीची लस चौथ्या महिन्यात, महिन्याने परत आणि नंतर दर सहा महिन्यांनी. सरकारी मोहिमेत ती मोफत टोचली जाते. लम्पीची वर्षातून एकदा. घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी सहा महिन्यांच्या वयानंतर दरवर्षी, पावसाळा लागायच्या आत. जंताचं औषध वर्षाच्या आत दर तीन महिन्यांनी, पुढे पावसाळ्याआधी आणि नंतर. गोचीड दिसली की अंगावरच्या औषधाबरोबर गोठ्याच्या भेगाही फवारा, कारण तिची अंडी तिथे असतात.

फऱ्या नीट समजून घ्या, कारण तो आपल्याच धंद्यावर येतो. सहा महिने ते दोन वर्षं वयाचं, दावणीतलं सगळ्यात भरलेलं खोंड तो उचलतो. पहिल्या पावसानंतर एका सकाळी ते मागच्या पायाने लंगडताना दिसतं, मुरगळलं असेल असं वाटतं. ताप १०६ च्या पुढे. फऱ्यावर, म्हणजे मांडीच्या मांसल भागावर, सूज. ती आधी गरम आणि दुखरी असते, मग थंड पडते, आणि वरून हात दाबत फिरवला की आत वायू भरल्यामुळे चरचर आवाज येतो. हा आवाज यायच्या आत पेनिसिलिन पडलं तर आशा असते. म्हणून पावसाळ्यात लंगडणाऱ्या तरुण खोंडाला आधी थर्मामीटर लावायचा आणि नंतर तेल चोळायचं की नाही ते ठरवायचं. निरोगी तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. दुर्दैवाने जनावर गेलं तर कातडं काढू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. त्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात.

१९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा टोल फ्री नंबर गोठ्याच्या खांबावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

वेसण, खच्चीकरण, जू

वर्ष-सव्वा वर्षाचं होईपर्यंत म्होरकीवर (तोंडाभोवती बांधायच्या दोरीवर) भागवा. मग वेसण घाला. जखम भरेपर्यंत हळद-तेल लावा आणि वेसणीला ओढ देऊ नका. खच्चीकरण लवकर केलं तर मान आणि वशिंड भरत नाही, म्हणून कामाच्या बैलाला ते दोन वर्षांच्या पुढे करण्याची रीत आहे. ते डॉक्टरांकडूनच, भूल देऊन, चिमट्याने करून घ्या, सोबत धनुर्वाताचं इंजेक्शन. ठेचण्याचे जुने प्रकार क्रूर आहेत आणि त्यात जनावर दगावतं. शर्यतीचं किंवा वळूचं गिऱ्हाईक दिसत असेल तर थांबा, कारण केलेलं परत येत नाही.

दुसा झाला की जू दाखवा. आधी नुसतं जू मानेवर ठेवून दोघांना सोबत फिरवा. मग एक हलकं लाकूड ओढायला द्या, मग रिकामा कुळव. सकाळच्या गारव्यात अर्धा तास, त्यापेक्षा जास्त नाही. उजव्या बाजूचा कायम उजवीकडे, डावा डावीकडे. नावाने हाक मारा. चाबूक घरी ठेवा. पूर्ण काम चौसा झाल्यावर.

विकताना

बाजाराच्या चार महिने आधीपासून खुराक थोडा वाढवा, पण लठ्ठ करू नका. चरबी चढलेला बैल उन्हात धापा टाकतो आणि जाणतं गिऱ्हाईक ते ओळखतं. शिंगं तासून, तेल लावून चमकवण्यापेक्षा जोडी कुळवाला धरलेली दाखवा. गिऱ्हाइकाला स्वतः कासरा हातात घेऊन रानात कुळवाच्या दोन ओळी मारायला सांगा. पाच मिनिटांत सौदा होतो, आणि बरेचदा बाजारापर्यंत जावंही लागत नाही.

दुसरी मिळकत शेणखताची. दोन खोंडांचं दिवसाचं पंधरा-वीस किलो ओलं शेण धरलं तर वर्षाला सहा टनांच्या आसपास होतं. स्वतःच्या डाळिंबाला घाला नाहीतर विका, पण वहीत जमेच्या बाजूला नक्की लिहा. वैरणीचा बराच खर्च तिथेच निघतो.

विकत घेणारा कोण आहे ते बघा. ओळख नसलेला माणूस घाईने, दात न बघता, जोड मागत असेल तर देऊ नका. आधारकार्डाची प्रत, बिल्ला नंबर असलेली पावती आणि गाडीतून न्यायचं असेल तर डॉक्टरांचा दाखला, हे तिन्ही झाल्यावरच दावं हातात द्या. ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त जनावरं भरायला कायद्याने मनाई आहे. त्याच आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन बिल्ल्याची मालकी नव्या नावावर चढवून घ्या, नाहीतर पुढे त्या जनावराचं काहीही झालं तरी विचारणा तुमच्याकडेच येते.